विषय : नातीचे हृदय

आयुष्यभरात मी जी पत्रे लिहिली, त्यांतल्या एकाच पत्राचे उत्तरही मला स्वतःच लिहावे लागले. ते पत्र माझ्या नातीच्या हृदयाविषयी होते. ते लिहिल्याचा पश्चात्ताप होतो काय, असे कोणी विचारले तर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. जे घडले ते क्रमाने सांगतो.

मी वकिली केली नाही, कायदा मात्र शिकलो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात दिवसभर टाइम ऑफिसमध्ये हजेरीची कार्डे तपासायची आणि संध्याकाळी कॉलेजला जायचे, असे करून आधी बी.ए. झालो आणि मग कायद्याची पदवी घेतली. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती. दुसऱ्याने लिहिलेला अर्ज हातात धरून ते कचेरीत उभे राहत. त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना ठाऊक नसे. ज्याला आपला अर्ज वाचता येत नाही त्याच्या नावावर कोणीही काहीही लिहितो, असे ते म्हणत. हे वाक्य मी नुसते ऐकले नाही, अंगावर वागवले. निवृत्तीनंतर बदलापूरला, खरवईच्या नव्या इमारतीत राहायला आल्यावर मी पाण्यासाठी लिहिले, रस्त्यासाठी लिहिले, कारखान्यांच्या बाजूने दर सायंकाळी येणाऱ्या उग्र वासासाठी तर इतक्यांदा लिहिले की संबंधित कार्यालयातला कारकून माझे अक्षर ओळखू लागला.

घरात एक रीत होती. पत्र टपालात पडण्यापूर्वी मी ते पत्नीला मोठ्याने वाचून दाखवीत असे. ती भाजी निवडत ऐकायची आणि शेवटी एखादे वाक्य काढायला सांगायची. ती जे वाक्य काढायला सांगे ते नेमके मला सर्वांत आवडलेले असे. तरीही मी ते काढत असे, कारण अनुभव असा होता की ते काढल्यावर उत्तर येते.

नात चार वर्षांची असताना बालवाडीत मुलांची आरोग्य तपासणी झाली, तीत तिच्या हृदयाचा आवाज वेगळा आढळला. बदलापूरच्या आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी नंतर तिच्या छातीला नळी लावली, ती बराच वेळ उचलली नाही, आणि उल्हासनगरच्या एका धर्मादाय रुग्णालयाचे नाव लिहून दिले. तिथे महिन्यातून एकदा मुलांच्या हृदयाची तपासणी होत असे. माझा मुलगा नोकरीनिमित्त गुजरातेत असतो, त्यामुळे तिला घेऊन सून आणि मी असे दोघे गेलो.

खोली लहान होती. पलंगाशेजारी इकोचे यंत्र होते आणि समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. पडद्याच्या अर्ध्या भागात माझ्या नातीचे हृदय राखाडी रंगात उघडझाप करीत होते. उरलेल्या अर्ध्या भागात पांढऱ्या केसांच्या एक परदेशी बाई होत्या. आमच्याकडे उन्हे चढली होती आणि त्यांच्या मागची खिडकी अजून काळी होती. पलंगाजवळची डॉक्टर तिशीची असेल. तिने आम्हाला सुरुवातीलाच सांगितले, "या माझ्या शिक्षिका. मुलांच्या हृदयाचं काम मी अजून शिकतेय. आपल्याकडे हे शिकवणारी माणसं फार थोडी आहेत, म्हणून दोन्ही रुग्णालयांनी मिळून हे ठरवलंय. त्या तिकडून बघतात, मी इथे करते."

सून म्हणाली, "बरं."

मी घड्याळाकडे पाहिले.

डॉक्टर नातीच्या छातीवर यंत्राचा दांडा टेकवी आणि पडद्यावरच्या बाई इंग्रजीत म्हणत, पुन्हा. जरा वर. तिथे नाही, उजवीकडे वळवा. पुन्हा. दहा मिनिटे झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. नातीने आधी सहन केले, मग कुतूहलाने पाहिले, आणि मग तिने मला विचारले, "आजोबा, टीव्हीतली आजी मला ओळखते?"

"नाही."

"मग माझ्याकडेच का बघते?"

पाऊण तासाने ती रडू लागली. छातीवरची जेल पुसून पुन्हा लावली गेली. पुन्हा, असे पडद्यावरून आले तेव्हा मी उठलो.

"डॉक्टर, ही तपासणी चाललीय की शिकवणी?"

तिने हात न थांबवता सांगितले, "दोन्ही चाललंय, काका."

तिने खोटे सांगितले असते तर मी कदाचित शांत झालो असतो. त्या सरळ उत्तराने माझे डोके अधिकच फिरले. माझी नात म्हणजे फळा नव्हे, असे मी म्हणालो. सुनेने माझ्या सदऱ्याची बाही ओढली. पडद्यावरच्या बाईंना शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. त्या म्हणाल्या की आज पुरे, मुलगी दमली आहे, पुढच्या महिन्यात तिला झोपेचे औषध देऊन पाहू, तोपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नका.

घरी आल्यावर मी सुनेच्या फोनमधला संमतीपत्राचा फोटो मागून घेतला. तिने आत जाण्यापूर्वी खिडकीपाशी घाईने सही केली होती. कागद पूर्ण इंग्रजीत होता. खाली, बारीक अक्षरांत, तपासणीची चित्रे सहयोगी संस्थेला पाठवली जातील आणि प्रशिक्षणासाठी वापरली जातील असे होते. माझी सून बारावी शिकलेली, अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. तिला त्यातले निम्मे कळले असेल. मला माझे वडील आठवले. हातात कागद, आणि कागदात काय आहे ते ठाऊक नाही.

मी दोन दिवस बसून पत्र लिहिले. त्यात अकरा मुद्दे होते. संमती रुग्णाच्या नातेवाइकास समजणाऱ्या भाषेत घेतली नाही. राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी नसलेली व्यक्ती भारतातल्या रुग्णावर उपचार करीत आहे. अल्पवयीन मुलीची वैद्यकीय चित्रे देशाबाहेर जात आहेत. शिकाऊ डॉक्टरच्या हातून तपासणी होणार आहे याची लेखी पूर्वकल्पना नाही. तपासणीस वाजवीपेक्षा अधिक वेळ लावण्यात आला. असे एकेक करीत अकरा. शेवटच्या परिच्छेदात मी असे लिहिले की दूरदेशीच्या कोणाच्या ज्ञानासाठी बदलापूरची लेकरे कच्चा माल नव्हेत. हे वाक्य मला फार आवडले होते.

पत्नीला मी ते वाचून दाखवले नाही. ते वाक्य तिने काढायला लावले असते, हे एक कारण. दुसरे कारण असे की थांबा, असे ती म्हणाली असती, आणि मला थांबायचे नव्हते.

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पातल्या बाजारात माझ्या नेहमीच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. मला बघताच त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"बोला साईं, आज कोणाची विकेट?"

"रुग्णालय."

"अरे बाबा. हमको कभी मत लिखना हां, साईं. मी तर स्टेपलरची पिन पण फ्री देतो."

त्याने टाइप करताकरता पत्र वाचले. एरवी तो दर पानाला काहीतरी टोमणा मारी, त्या दिवशी मारला नाही. मी एक प्रत रुग्णालयाच्या विश्वस्तांना, एक वैद्यकीय परिषदेला आणि एक आरोग्य खात्याला पाठवली. तिन्ही पोचपावत्या आल्या, त्या मी फाइलला लावल्या.

त्याच सुमारास कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही नातीला एका मोठ्या खासगी रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. ते मुलांचे नव्हे, मोठ्या माणसांचे डॉक्टर होते. त्यांनी दहा मिनिटांत इको केला आणि सांगितले की साधे छिद्र आहे, पायाच्या शिरेतून नळी घालून एक छोटी छत्री बसवू, छिद्र बंद होईल, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. छत्री बसवणारे पथक पुढच्या महिन्यात येणार होते. आठ दिवसांत हो किंवा नाही कळवा, म्हणाले. यावेळचे नाव गेले तर पुढचे कधी, ते सांगता येणार नाही.

घरात आनंद झाला. मला आनंदाहून अधिक काही झाले, ते मी कबूल करतो. जे या माणसाने दहा मिनिटांत पाहिले त्यासाठी तिकडे पाऊण तास मुलीला रडवले, हे मी दोनदा बोलून दाखवले. सून म्हणाली, "बाबा, आता बास."

तिसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरचा सुनेला फोन आला. छत्रीचे सुनेनेच तिला कळवले होते. डॉक्टरने आम्हा दोघांना बोलावले.

आम्ही गेलो तेव्हा तपासणीच्या खोलीतला पडदा बंद होता. त्याखाली एक कागद चिकटवला होता की दूरस्थ मार्गदर्शन पुढील आदेशापर्यंत स्थगित आहे. डॉक्टरच्या टेबलावर माझे पत्र होते. काही ओळींखाली तिने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"काका, पत्र बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मराठी कागदाचं तर मीच वर्षभर सांगत होते. कोणी ऐकलं नाही. तुमचं ऐकलं. पण ऐकून त्यांनी कागद नाही बदलला, पडदा बंद केला."

मग तिने एका कोऱ्या पानावर हृदयाचे चित्र काढले. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा असतात, त्या डाव्या कप्प्यात उघडतात. "छिद्र आहे, ते त्यांनाही दिसलं, मलाही दिसलं. पण ते छिद्र कुठे आहे, यावर सगळं अवलंबून आहे. ते मधोमध असेल तर छत्री उत्तम. पण उजवा कप्पा छिद्राच्या मानाने फार मोठा झालाय, आणि चारातली एक शीर मला सापडत नाही. छिद्र अगदी वरच्या टोकाला असेल तर ती शीर तिथेच चुकीच्या बाजूला उघडत असू शकते. तसं असेल तर छत्री तिथे टिकणार नाही, आणि शीर तशीच चुकीची राहील. त्याला ऑपरेशनच लागतं. मॅडम त्या दिवशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या ना, ते त्यासाठी. ती जागा एका विशिष्ट कोनातूनच दिसते, आणि मला तो कोन येत नव्हता."

"म्हणजे शीर चुकीची आहे?" सुनेने विचारले.

"माहीत नाही. मला दिसली नाही, एवढंच मी लिहू शकते. मला दिसलं नाही म्हणून सगळं नीट आहे, असं मी नाही लिहू शकत."

हे वाक्य मी ऐकले आणि खुर्चीवर नीट बसलो. पुरावा नसणे म्हणजे गोष्ट घडलीच नाही असे नव्हे, हे मला कायद्याच्या पहिल्या वर्षी शिकवले होते. या मुलीने ते मला शिकवल्याची नोंद कोणत्याच पुस्तकात होणार नाही.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात मुलांच्या हृदयाचे जाणते डॉक्टर आहेत, तिथे तिने नातीचे नाव घातले होते. पण नंबर दोन महिन्यांनी होता. छत्रीबद्दल उत्तर द्यायला आमच्या हातात पाच दिवस होते. तिच्या शिक्षिका एरवी महिन्याच्या तपासणीसाठी पुढच्या सोमवारी पडद्यावर आल्या असत्या, तो सोमवार त्या पाच दिवसांतच येत होता. मात्र आता त्या येणार नव्हत्या.

घरी आल्यावर सुनेने पर्स खुंटीला अडकवली, माझी फाइल कपाटातून काढली, आणि पत्राची प्रत घेऊन माझ्यासमोर बसली. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"पहिला मुद्दा," सून म्हणाली. "पालकांची संमती योग्य रीतीने घेतली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"हे पत्र पाठवायच्या आधी पालकांची संमती घेतली होती का, बाबा?"

मी प्रत घ्यायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

"खाली तुम्ही लिहिलंय, मुलीचा पालक या नात्याने. पालक मी आहे. तुमचा मुलगा आहे. तुम्ही आजोबा आहात. हे तुम्हाला मी सांगायचं का?"

कायद्याने ती पूर्णपणे बरोबर होती. आईबाप हयात असताना आजोबा पालक नसतो. सही करताना हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "माझ्याकडे कारखान्यात नवीन मुलगी येते, तिला माप घ्यायचं गेज धरायला मी शिकवते. तेव्हा खरा जॉबच, मशीनवरून आलेला भागच, देते हातात. लाकडाचा खोटा देऊन हात बसत नाही. ती मोजते, मग मी मोजते, मग पुन्हा तिला मोजायला लावते. तिला वाटतं मी छळते. माल मात्र दोनदा मोजला जातो. ती टीव्हीतली बाई तेच करत होती. माझ्या पोरीला त्या दिवशी दोन डॉक्टर मिळाले होते. तुम्ही एक काढून घेतला."

पत्नी दारातून म्हणाली, "मला का नाही वाचून दाखवलंत?"

"तू थांबवलं असतंस."

"हो, थांबवलं असतं," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच रुग्णालयात गेलो. तिथले प्रशासकीय अधिकारी पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ होते. मी नाव सांगताच त्यांनी चहा मागवला. माझ्यासारख्या माणसांना चहा लगेच मिळतो. त्याचा अर्थ मला चांगला कळतो.

"मी तक्रार मागे घ्यायला आलेलो नाही," मी सांगितले. "पण मार्गदर्शन बंद करा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. कायद्याप्रमाणे करा, असं लिहिलंय. बंद का केलंत?"

ते थोडे हसले. "खरं सांगू का, काका? तुमच्या पत्राला घाबरून नाही बंद केलं. अकरा मुद्द्यांना उत्तर कोण लिहिणार, म्हणून बंद केलं. आमच्याकडे लिहिणारा माणूसच नाही. वकील महिन्याने वेळ देतो. परिषदेनं खुलासा मागितला आणि आमचं काम चालूच असेल, तर आम्ही सापडलो. बंद असेल तर खुलासा सोपा."

माझ्या संतापाचे आयुष्य पन्नास वर्षांचे आहे, आणि त्या पन्नास वर्षांत असे कधी सुचले नव्हते की समोरच्या टेबलामागे दुष्ट माणूस नसेल, नुसता लिहिता न येणारा माणूस असेल.

"उत्तर मी लिहितो," मी म्हणालो.

"तुमच्याच पत्राला?"

"दुसरं कोण लिहिणार?"

त्यांनी तरुण डॉक्टरला बोलावले. त्यांच्या दोन संस्थांमधला करार तिने माझ्यासमोर ठेवला. मी तो तिथेच बसून दोनदा वाचला. करार बरा होता. त्यात स्पष्ट लिहिले होते की निदान आणि उपचार यांची जबाबदारी इथल्या, नोंदणी असलेल्या डॉक्टरांची, आणि परदेशी शिक्षिका फक्त शिकवतील. म्हणजे त्या नोंदणीविना उपचार करतात हा माझा दुसरा मुद्दा टिकत नव्हता. शिकवणे हा उपचार नव्हे. वेळेचा मुद्दाही टिकत नव्हता, कारण वाजवी वेळ किती हे ठरवण्याची माझी पात्रता नव्हती. अकरांपैकी चार मुद्दे गळाले. सात उरले. ते सात मी आजही मागे घेतलेले नाहीत.

घरी येऊन मी मसुदा लिहायला बसलो. माझे पत्र डावीकडे, माझे उत्तर उजवीकडे. तक्रारदाराने उपस्थित केलेला मुद्दा रास्त असून रुग्णालय त्याची दखल घेत आहे, असे लिहिताना एक चमत्कारिक समाधान होत होते. तक्रारदाराचा हा आक्षेप गैरसमजावर आधारलेला आहे, असे लिहिताना हात थबकत होता. त्याहून अवघड होते ते संमतीपत्र. वकिली मराठी मला येते, पण ती चामटोलीसारख्या खेड्यातून येणाऱ्या आईला कळणार नाही. शिकवणीच्या दिवशी तुमच्या मुलाला जास्त वेळ लागू शकतो. तपासणारी डॉक्टर या विषयात अजून शिकत आहे, तिचे शिक्षक परदेशातून पडद्यावर पाहतील. चित्रे जातील, नाव जाणार नाही. कोणत्याही क्षणी तुम्ही थांबा म्हणू शकता, त्याने उपचार थांबणार नाहीत. इतकी साधी वाक्ये लिहायला मला पूर्ण दुपार लागली.

मग मी सारे पत्नीला वाचून दाखवले. ती कोथिंबीर निवडत होती.

"तक्रार तुमची, उत्तर तुमचं," ती म्हणाली. "आता न्यायाधीशही तुम्हीच व्हा, म्हणजे काम लवकर होईल."

"हितसंबंधाचा प्रश्न येतोच. म्हणून सही रुग्णालयाची राहील."

"ते काय ते असू दे. हे संमतीचं सुनेला वाचून दाखवा आधी. मला नको."

सुनेने ते स्वतः वाचले. दोन ठिकाणी पेनने खुणा केल्या. 'विहित' हा शब्द काढला. "मूल रडलं तर आईनं त्याला उचलून घ्यायचं की नाही, ते लिहा," ती म्हणाली. मला ते सुचले नव्हते. मी लिहिले.

टायपिंगवाल्याने मसुदा वाचून विचारले, "साईं, पार्टी बदलली का?" आणि मग स्वतःच म्हणाला, "हे हिंदीत पण पाहिजे. आमच्या कॅम्पात मराठी कोण वाचणार? मी करतो, तुम्ही बसा." त्याने केले. मी त्यातली दोन वाक्ये दुरुस्त केली, त्याने माझी एक केली.

अधिकाऱ्यांनी शनिवारी विश्वस्तांची सही घेतली. सोमवारी पडदा सुरू झाला.

नातीला झोपेचे औषध दिले होते. ती आईच्या मांडीवर सुस्तावली, तसे तिला पलंगावर ठेवले. परदेशी बाईंनी आधी नमस्कार केला. डॉक्टरने संमतीपत्र सुनेच्या हातात दिले आणि सुनेने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले, आम्ही सारे थांबलो. मग तिने सही केली.

मी या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही. डॉक्टरने दांडा गळ्याच्या खाली, उजवीकडे ठेवला. बाई काही बोलल्या नाहीत. तिने थोडा वळवला. राखाडी सावल्या हलल्या, एक काळी फट दिसली, गेली. बाई तरीही बोलल्या नाहीत. मला वाटले, आवाज तुटला असेल. मग लक्षात आले की त्या मुद्दाम गप्प आहेत. डॉक्टरने दोन बोटांनी दांडा किंचित तिरपा केला आणि श्वास रोखला. पडद्यावर रंग उमटले. निळ्या प्रवाहाच्या कडेला, जिथे तो असायला नको होता, एक बारीक लाल प्रवाह येऊन मिळत होता.

"सापडली," ती मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत शिक्षिकेला काय दिसते ते सांगितले. बाईंनी एवढेच विचारले की तुझा सल्ला काय. माझा सल्ला, ती म्हणाली, छत्री नको, शस्त्रक्रिया. बाई म्हणाल्या, मीही हेच सांगितले असते.

डॉक्टर सुनेकडे वळली. "ताई, ऑपरेशन लागेल. छाती उघडावी लागेल. आत्ताच्या आत्ता नाही, पण हेच लागेल."

सून पडद्याकडे पाहत होती. "दोनदा मोजलं ना?"

"दोनदा मोजलं."

"मग चालेल," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम कोसळला. मी पुढे झालो नाही. पत्नी असती तर झाली असती. मी उभा राहिलो आणि माझ्या हातात कागद नव्हता.

छत्रीला नाही, असे सुनेने त्याच संध्याकाळी कळवले. शस्त्रक्रिया मुंबईत झाली. मुलगा सुट्टी काढून आला होता. शल्यचिकित्सक वेगळे होते, पण ती तरुण डॉक्टर त्या दिवशी तिथे येऊन उभी राहिली. आत जाण्यापूर्वी सुनेने तिथल्या कागदावरचे चार शब्द विचारून घेतले, एक त्यांना बदलायला लावला. मला तिने तो कागद दाखवला नाही आणि मीही मागितला नाही. नात अकराव्या दिवशी घरी आली. छातीवरच्या रेषेला ती आपली झिप म्हणते.

काही महिन्यांनी तपासणीसाठी आम्ही पुन्हा उल्हासनगरला गेलो. खोलीत एक नवी डॉक्टर होती, माझ्या सुनेच्या वयाची, नेपाळहून शिकायला आलेली. आता दांडा तिच्या हातात होता आणि आमची डॉक्टर तिच्या मागे उभी होती. पडद्यावर कोणी नव्हते. सुनेने कागद वाचून सही केली.

"पुन्हा," आमची डॉक्टर म्हणाली. "वर. अजून वर. नाही, पुन्हा."

नेपाळच्या डॉक्टरच्या कपाळावर घाम होता. नात कंटाळली. तिने पाय हलवायला सुरुवात केली. मी खुर्चीच्या कडेला सरकलो आणि तोंड उघडले. सुनेने माझ्याकडे पाहिले, मग नातीकडे पाहिले, मग त्या पाहुण्या डॉक्टरला हिंदीत म्हणाली, "आप देखो आराम से. पहले इसकी एक नस इधर आती थी, अब उधर जाती है. दस मिनट और. फिर मैं उठा लूँगी."

दहा मिनिटांनी तिने नातीला उचलले.